एमजीबीचं इंजिन: हाफ काम, फुल काम की फास्ट रोड?

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतलेल्या माणसापुढे हा प्रश्न आज ना उद्या येतोच. इंजिन ऑइल खायला लागतं, तापल्यावर प्रेशरचा काटा खाली बसतो, चढाला दम लागतो. इंजिन खोलायला हवं, इथपर्यंत मेकॅनिक सांगतो. पैसे कुठवर घालायचे, हे मालकानेच ठरवायचं असतं.

ही गाडी १९६२ ते १९८० इंग्लंडमध्ये अबिंग्डनच्या कारखान्यात बनली. इंजिन १७९८ सीसीचं, बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या बी-सिरीजचं. आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांना हे घराणं ओळखीचं आहे, कारण ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन त्यातलंच. स्ट्रोकसुद्धा (पिस्टनची वर-खाली चाल) तोच, ८८.९ मिमी, फक्त बोअर (सिलिंडरचा व्यास) लहान. बिडाचा ब्लॉक, पुशरॉड, सगळा साधा आणि दणकट मामला. त्यामुळे इंजिन पुन्हा उभं राहील का, ही चिंता सहसा नसते.

पैशांचा विचार करण्याआधी मापं घ्या. इंजिन पूर्ण तापलं की चालत्या गाडीत ऑइल प्रेशर ५० ते ८० पीएसआय आणि आयडलला १० ते २५ असायला हवं. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एखादा कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर गेलेत, तसाच राहिला तर बहुधा दोष हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्हच्या भागात आहे. धुराकडेही बघा. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा लोट आला तर व्हॉल्व्ह गाइडवर संशय घ्या. चढावर सतत येत राहिला तर रिंगांवर.

प्रेशर चांगलं असेल आणि दोष हेडमध्येच असेल, तर फक्त हेडचं काम करून थांबण्यात काहीच कमीपणा नाही. ते मात्र नीट करा. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच पोर्टमध्ये उघडतात, तो भाग सगळ्यात जास्त तापतो आणि तिथे तडे जाऊ शकतात. म्हणून आधी क्रॅक टेस्ट आणि प्रेशर टेस्ट, मग बाकीचं. हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कठीण धातूच्या सीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्या) बसवून घ्या. ब्रिटनमध्ये शिसंयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री २००० च्या सुरुवातीला थांबली, भारतातही त्याच वर्षी. जुन्या मऊ सीट शिशाच्या आधारावर टिकत होत्या.

मला पटत नाही ते दुसरं, जास्त लोकप्रिय हाफ काम: बोअरला हलका होन (आतून बारीक घासणं), नव्या रिंगा, नवी बेअरिंग शेल, की झालं. मायक्रोमीटरने बोअर गोल आणि सरळ दाखवला तर ते चालतं. पण चार-पाच थाऊ (इंचाचे हजारावे भाग) झिजलेल्या, वर कडा धरलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा काही दिवसच साथ देतात. झिजलेल्या क्रँकवर नवे शेल घातले तर प्रेशर पुन्हा पडतं. वाचलेले पैसे तेव्हा दुप्पट होऊन जातात, कारण इंजिन उतरवायची आणि चढवायची मजुरी, गॅस्केट, ऑइल हे दोन्ही कामांना सारखंच लागतं. एमजीबीत तर क्लच बदलायलाही इंजिन बाहेर काढावं लागतं. म्हणजे ते बाहेर असताना क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग न बदलणं ही बचत नव्हेच.

फुल कामात ब्लॉक मशीन शॉपला जातो. बोअर पुढच्या साइजला मारतात, म्हणजे २०, ३०, ४० किंवा ६० थाऊ, आणि त्याच साइजचे पिस्टन घेतात. क्रँक १० किंवा २० थाऊ ग्राइंड होतो. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि त्यावर टेकणारे टॅपेट बदलायचे तर दोन्ही एकत्र. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीच घालू नका. उत्तरकाळातल्या इंजिनांतली एकेरी टायमिंग चेन दुहेरी करून घ्या आणि फिरणारे भाग बॅलन्स करा. एकूण खर्चात या दोन गोष्टी किरकोळ आहेत, पण इंजिन किती गुळगुळीत चालतं ते रोज जाणवतं. गाडी दहा वर्षं ठेवायची असेल तर माझं मत याच पर्यायाला आहे.

फास्ट रोडचा, म्हणजे रस्त्यावरच्याच गाडीची ताकद वाढवून घेण्याचा मोह मला समजतो. सुरुवातीच्या एमजीबीची ताकद ९५ बीएचपी होती. चांगलं पोर्ट केलेलं हेड, थोडा गरम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम आणि ६० थाऊ बोअर, म्हणजे १८६८ सीसी, यांच्या जोरावर ११० ते १२० पर्यंत मजल जाते. पण चार सिलिंडरना दोनच इनलेट पोर्ट आहेत, त्यामुळे पुढची प्रत्येक बीएचपी महाग पडत जाते. ६० थाऊंनंतर बोअरच्या भिंतीही पातळ होतात आणि पुढच्या वेळी मारायला काही उरत नाही. पैसे शिल्लक असतील तर सगळे हेडवर घाला, कॅम सौम्यच ठेवा. अमेरिकेत गाडी असलेल्यांचं गणित जरा वेगळं आहे. १९७५ नंतरच्या तिथल्या गाड्यांना एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर आणि ६२ च्या आसपास बीएचपी मिळाली. तिथे जोडीचे एसयू कार्ब्युरेटर आणि जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन घातले तरी गाडीत नवा जीव येतो, महागडा कॅम लागत नाही.

तयार रिकंडिशन्ड इंजिन अदलाबदलीने घेणं झटपट होतं. ज्याला गाडी उन्हाळ्याआधी रस्त्यावर हवी, त्याला ते सोयीचं. फक्त बोअर कितव्या साइजवर आहे आणि कॅम नवा आहे की घासून घेतलेला, हे लेखी मागा.

कुठल्याही पर्यायाआधी गाडीखाली शिरून सिल (दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्या) तपासा. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच भार पेलते. सिल गंजलेले असतील तर इंजिनाचे पैसे आधी वेल्डरला द्या. क्रोम बंपरच्या रोडस्टरला (उघड्या गाडीला) किंमत चांगली येते, रबर बंपरच्या जीटीला (पक्क्या छपराच्या गाडीला) कमी, पण इंजिनात घातलेले पैसे विक्रीच्या वेळी पूर्ण परत येतात अशी अपेक्षा कुणीच धरू नये.

आणि खर्च कितीही करा, पहिल्या स्टार्टची तयारी आदल्या दिवशीच करून ठेवा: जस्ताचं प्रमाण पुरेसं असलेलं ऑइल, प्लग काढून स्टार्टरवर प्रेशर उभं करणं, टायमिंग आधीच बसवलेलं. इंजिन सुरू झालं की आयडलला सोडायचं नाही. वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या वर धरायचं, नाहीतर नवा कॅम त्या वीस मिनिटांतच खराब होऊ शकतो.