लेबलावरचा सायप्रस आणि अंगणातला सायप्रस: 20 महिन्यांनंतर

ब्रिस्टलच्या आमच्या जोडघरामागे चिंचोळं अंगण आहे, माती चिकण, उन्हाळ्यात भेगा आणि हिवाळ्यात चिखल. तिथे मी दोन वर्षांमागच्या ऑक्टोबरात सायप्रस या सदाहरित झाडाची तीन रोपं आणली. एक साध्या दुकानातून, 14 पौंडांना. दोन एका छोट्या नर्सरीकडून टपालाने, 38 आणि 45 पौंडांना. आता जून चालू आहे. 20 महिने पाणी घालून, थंडीत कुंडी आत-बाहेर करून आणि एकदा रडकुंडीला येऊन जे कळलं ते लिहिते.

आधी एक गंमत. व्हिडिओ कॉलवर आईला झाडं दाखवली तर ती म्हणाली, "अगं, ही तर मोरपंखी!" मोरपंखी म्हणजे थुजा, याच कुळातली, त्यामुळे आई अगदीच चुकली नव्हती. "सायप्रसला मराठीत काय म्हणायचं?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर 'सुरू' एवढंच होतं. पण फारसीतला 'सर्व' म्हणजे खरा सायप्रस, आणि आपण अलिबागच्या किनाऱ्यावरच्या ज्या झाडाला सुरू म्हणतो ते कॅज्युअरिना, सूचिपर्णीसुद्धा नव्हे. म्हणजे नावांचा घोळ माहेराहूनच बरोबर आला होता.

पहिलं झाड 'कॅसलवेलन गोल्ड', लेलँड सायप्रसचा सोनेरी प्रकार. इंग्लंडमध्ये लेलँड हा शब्द उच्चारला की शेजाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण हिरवा लेलँड वर्षाला जवळजवळ एक मीटर वाढतो आणि पलीकडच्याचं ऊन खाऊन टाकतो. हा मूळचा वेल्समधल्या वेल्शपूलजवळच्या लेइटन हॉलचा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा मॉन्टेरे सायप्रस आणि अलास्काकडचा नूटका सायप्रस, रानात कधी एकमेकांच्या वाऱ्यालाही न उभे राहिलेले. या बागेत जवळजवळ लावले गेले आणि 1888 मध्ये नूटकाच्या बियांतून सहा वेगळीच, दोघांच्या संकराची रोपं निघाली. 1911 मध्ये तिथेच उलट्या बाजूने, मॉन्टेरेच्या बियांतून आणखी दोन. ज्याच्या नावावर हे झाड आहे तो क्रिस्टोफर लेलँड जन्माने नेलर. वारसा मिळाला म्हणून त्याने आडनाव बदललं. माझा सोनेरी प्रकार नंतरचा, उत्तर आयर्लंडमधल्या कॅसलवेलनच्या बागेत 1962 मध्ये मिळालेल्या बियांचा. बी भरवशाचं नाही, म्हणून सगळे लेलँड छाट कलमांचे. दुकानात पन्नास कुंड्या दिसल्या तरी आतलं झाड एकच.

वाढ: 60 सेंटिमीटरचं रोप आज 1 मीटर 25. हिरव्यापेक्षा हळू, ते मला चाललं. रंग मार्च-एप्रिलमध्ये खरोखर सुंदर, हळदीच्या ताज्या कोंबासारखा. पण पहिल्याच जुलैत भिंतीकडची बाजू तपकिरी झाली. पाणी कमी पडलं असेल म्हणून मी आठवडाभर बादल्या ओतत बसले. मग शेजारचे आजोबा कुंपणावरून म्हणाले, फांदी पांढऱ्या कागदावर झटकून बघ. झटकली. दोन-तीन मिलिमीटरचे करड्या रंगाचे मावे टपटप पडले आणि कागदावर रेंगाळत चालायला लागले. फांदीला बोट लावलं तर चिकट, आणि बोटावर काजळी: माव्याच्या गोड स्रावावर वाढलेली काळी बुरशी. सायप्रस मावा ही या झाडाची ठरलेली दुखणी आहे, हे दुकानात कुणी सांगत नाही. सुकलेला भाग कापला आणि तिथे मोठं भगदाड पडलं. लेलँडला जुन्या, पानं नसलेल्या लाकडातून नवी फूट येत नाही. ते भगदाड आजही तसंच आहे. मी त्या बाजूला खुर्ची ठेवते.

तिसरं झाड आधी सांगते, कारण त्याच्यावर माझा जीव आहे. 'काश्मीर सायप्रस', लॅटिन नावात कॅशमेरिआना. काश्मीरशी त्याचा संबंध नावापुरताच. ते भूतान आणि अरुणाचलचं. भूतानचं राष्ट्रीय झाड सायप्रसच, तिथे त्याला 'त्सेन्देन' म्हणतात आणि देशाच्या राष्ट्रगीताच्या पहिल्याच ओळीत तो येतो. हा शब्द तिबेटीतून आला आणि तिबेटीत संस्कृतातून: चंदन! हे कळल्यावर मी झाडापाशी जाऊन वास घेतला. चंदनाचा नाही, ओल्या लाकडाचा आणि किंचित लिंबाचा. पण पानं? निळसर करडी, अगदी बारीक, बाजूच्या फांद्यांवरून सरळ खाली लोंबणारी. नुकत्याच धुतलेल्या केसांसारखी. घरी येणारा प्रत्येक जण हात लावतो.

ते थंडी सोसत नाही, म्हणून मोठ्या कुंडीत ठेवलंय आणि नोव्हेंबर ते मार्च काचेच्या पोर्चमध्ये. एका रात्री बाहेर उणे 4 होतं. आत ते आरामात होतं. नवऱ्याला मात्र पाच महिने सायकल स्वयंपाकघरात ठेवावी लागली. माझी चूक उन्हाळ्यातली. सायप्रस तहान लागली की तुळशीसारखा मान टाकत नाही, हिरवागार दिसतो आणि आतून सुकत राहतो. पहिल्या ऑगस्टात आम्ही पाच दिवस बाहेर गेलो. परतल्यावर झाड ठीक वाटलं. तीन आठवड्यांनी खालच्या फांद्यांना हात लावला तर पापडासारखा चुरा झाला. त्या फांद्या गेल्या त्या गेल्याच. आता कुंडी उचलून वजनावरून ठरवते, मातीच्या रंगावरून नाही. 40 सेंटिमीटरचं 75 झालंय.

इटलीत माजोरे सरोवरातल्या इझोला माद्रे बेटावर याच जातीचं प्रचंड झाड आहे. 2006 च्या वादळात ते मुळासकट आडवं झालं, तेव्हा त्याला उभं करून पोलादी दोरखंडांनी बांधलं, आणि ते जगलं. माझ्या पापडाच्या दिवसांत हे वाचून बरं वाटलं होतं.

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच: 38 पौंडांचं दुसरं झाड. लेबल 'ओव्हन्सिआय'. नूटका आणि मेक्सिकोकडचा लुसिटानिका यांचा संकर. हॉवर्ड ओव्हन्स यांनी वेल्समधल्या तालिबॉन्टच्या आपल्या नर्सरीत वाढवला, 1961 मध्ये वेस्टनबर्टच्या वृक्षबागेतल्या सिल्क वूडमधून गोळा केलेल्या बियांतून. वेस्टनबर्ट आमच्याकडून गाडीने जवळ, म्हणून मला ते घरचंच वाटलं. वर्णनात म्हटलं होतं: लांब, चपटे, खाली झुकणारे फांटे, गडद निळसर हिरवे. आलं ते 45 सेंटिमीटरचं साधं हिरवं रोप. लहान आहे, झुकेल, असं मनाला समजावलं. पहिल्या वर्षी ते झुकलं नाही, धावलं. आज 1 मीटर 60.

मग मला शंका चावू लागली: हे ओव्हन्सिआय नसून साधं लेलँडच तर नाही? आजोबांच्या कुंपणातल्या हिरव्या लेलँडचा एक फांटा मागून आणला आणि दोन्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेजारी ठेवले. फांटे चपटे? दोन्ही चपटे. पण ही खूण पुरेशी नाही, कारण 1911 च्या रोपांतून आलेला 'लेइटन ग्रीन' हा लेलँडही नेच्याच्या पानासारखा चपटा असतो. वास घेतला, नूटकाची पानं चुरगळली की टर्पेंटाइनसारखा उग्र वास येतो, इथे दोन्हींना फिकट. निळी झाक? खिडकीपाशी वाटली, ट्यूबलाइटखाली गेली. नवरा म्हणाला, "दोन्ही कढीपत्ता नाहीत, एवढं मी सांगू शकतो."

एप्रिलमध्ये वेस्टनबर्टला जाऊन खरा नूटका पाहिला. त्याचे फांटे दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या साड्यांसारखे सरळ खाली सुटलेले. ज्या संकराचा एक पालक हा आहे आणि जो त्याच्यावरच जास्त जातो असं म्हणतात, त्याला थोडं तरी लोंबायला नको? माझ्याकडचा शेंडा सोडला तर सगळा ताठ. शंकू आले तर उलगडा व्हायची आशा आहे. नूटकाचा जेमतेम एक सेंटिमीटरचा, चार खवल्यांचा, लेलँडचा त्याहून मोठा, आठेक खवल्यांचा. अजून एकही नाही.

शास्त्रज्ञांकडूनही मदत नाही. नूटकाला 1824 मध्ये कप्रेसस या शास्त्रीय घराण्यात घातलं, मग कॅमिसायपॅरिसमध्ये नेलं, व्हिएतनाममध्ये सापडलेल्या एका झाडाबरोबर 2002 मध्ये झँथोसायपॅरिस केलं, आणि कॅलिट्रॉप्सिस हे जुनं नावही परत वापरात आलं. पालकाचं घराणं बदललं की लेकराचंही बदलतं. माझ्या लेलँडच्या लेबलावर अजून 'कप्रेसोसायपॅरिस' आहे, म्हणजे दोन वेगळ्या घराण्यांचा दुर्मीळ संकर. ओव्हन्सिआयच्या लेबलावर साधं 'कप्रेसस'. पालक एक सामाईक, पण कागदोपत्री एक आंतरजातीय लग्नाचा आणि दुसरा घरातल्या घरात.

नर्सरीला फोटो पाठवले. उत्तर सभ्य होतं: आमची मूळ झाडं खात्रीची आहेत, तरी समाधान नसेल तर रोप परत पाठवा, पैसे देऊ. 1 मीटर 60 चं, चिकणमातीत दीड वर्ष रुजलेलं झाड टपालात कसं घालायचं ते लिहिलं नव्हतं.

पुन्हा घेईन का? सोनेरी नाही. काश्मीर हो, पण काचेचा पोर्च असेल आणि सुट्टीत पाणी घालणारं कुणी असेल तरच. ओव्हन्सिआय घ्यायचाच तर टपालाने घेऊ नका. जाऊन मूळ झाड दाखवायला सांगा आणि फांटे झुकलेत का ते डोळ्यांनी बघा. माझं जे काही आहे ते राहणार. ते लेलँड निघालं तर दरवर्षी छाटावं लागेल, शिडी आत्ताच घेतली आहे. आजोबांनी मला उंच कुंपणांचा 2003 चा कायदा समजावून सांगितला: दोन किंवा जास्त सदाहरित झाडं ओळीत, उंची 2 मीटरच्या वर, की शेजाऱ्याला कौन्सिलकडे तक्रार करता येते. एकट्या झाडाला तो लागू नाही. म्हणून सोनेरी झाड मी आता दुसऱ्या कोपऱ्यात हलवणार आहे, त्यातलं भगदाड भिंतीकडे करून.