आवाज बंद ठेवून चित्रपट पाहायला शिकवणारा अभ्यासक्रम

चित्रपटप्रकार आणि त्यांची दृश्यभाषा या विषयावरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. चित्रपटाचा प्रकार आपण बहुधा कथेवरून ठरवतो. इथे मात्र पहिल्याच पाठात आवाज बंद करायला सांगतात, चित्रपटाची एक चौकट (फ्रेम) पडद्यावर स्थिर ठेवतात आणि विचारतात, की हा चित्रपट कोणत्या प्रकारचा आहे आणि ते तुम्ही कशावरून ओळखले? या ‘कशावरून’चा इतका कसून पाठपुरावा मी दुसरीकडे पाहिलेला नाही, म्हणून दोन गोष्टी खटकल्या तरी हा अभ्यासक्रम करावा असेच मी म्हणेन.

यातला सर्वांत कसदार भाग फिल्म न्वारचा, म्हणजे गडद सावल्यांच्या अमेरिकी गुन्हेगारीपटांचा, आहे. १९४४ सालच्या ‘डबल इन्डेम्निटी’मधला दिवाणखाना शिक्षक थांबवून थांबवून दाखवतात. खिडकीच्या पट्ट्यांमधून आलेल्या उन्हाच्या आडव्या रेघा भिंतीवर आणि माणसाच्या कोटावर पडतात, आणि त्या खोलीतली हवासुद्धा धुळकट दिसते, कारण उजेडाची तिरीप डोळ्यांना जाणवावी म्हणून छायालेखक जॉन सायट्झ यांनी हवेत अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण उडवले होते. यानंतर मुख्य दिवा तसाच ठेवून सावल्या उजळणारा दुसरा दिवा हळूहळू मंद केला, की तोच चेहरा कसा संशयास्पद वाटू लागतो, याचे प्रात्यक्षिक आहे. ते मी तीनदा पाहिले. हे चित्रपट करणाऱ्यांना आपण ‘न्वार’ करत आहोत याची कल्पनाही नव्हती. ते नाव या अमेरिकी चित्रपटांना फ्रान्समध्ये निनो फ्रँक या समीक्षकाने १९४६ मध्ये लावले, हेही शिक्षक आवर्जून सांगतात. दृश्यसंकेत आधी रुळतात आणि प्रकाराचे नाव मागून येते, हे मला इथे प्रथमच नीट उमगले.

वेस्टर्नच्या, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या काउबॉयपटांच्या, पाठात टोप्या, घोडे आणि पिस्तुले पटकन आटोपून सगळा वेळ आकाशाला दिला आहे, आणि तो निर्णय अगदी योग्य आहे. जॉन फोर्ड यांच्या १९३९ च्या ‘स्टेजकोच’मध्ये मॉन्युमेंट व्हॅलीच्या प्रचंड खडकांपुढे घोडागाडी इवलीशी दिसते. कृष्णधवल फिल्मवर लाल फिल्टर लावला की निळे आकाश काळवंडते आणि पांढरे ढग उठून दिसतात. भव्य वेस्टर्नची ही नेहमीची युक्ती. १९५२ च्या ‘हाय नून’मध्ये छायालेखक फ्लॉइड क्रॉस्बी यांनी हा फिल्टर मुद्दाम टाळला, त्यामुळे आकाश पांढरेफटक आणि सपाट राहिले आणि गावावर उन्हाचा जीवघेणा ताण आला. हा चित्रपट मी पूर्वी अनेकदा पाहिला होता, पण त्याच्या आकाशाकडे माझे कधीच लक्ष गेले नव्हते.

भयपट आणि संगीतपट यांचे पाठ त्यामानाने वरवरचे आहेत.

माझी पहिली तक्रार चाचण्यांबद्दल आहे. पाठात संकेतांचा अर्थ इतक्या बारकाईने उलगडणारे शिक्षक चाचणीत मात्र प्रत्येक प्रकाराला खुणांची ठरीव यादी चिकटवतात. १९८२ च्या ‘ब्लेड रनर’मधल्या एका चौकटीवर प्रश्न होता. पट्ट्यांमधून येणारा उजेड, धूर आणि नायिकेच्या कोटाचे रुंद खांदे हे सारे न्वारचे, आणि खिडकीबाहेरचे शहर विज्ञानपटाचे. पण उत्तरासाठी एकच पर्याय निवडता येत होता. दोन प्रकारांचे संकेत एकमेकांवर चढवणे हेच ज्या चौकटीचे मर्म आहे, तिला एका रकान्यात बसवायला लावणे हा विषयावर अन्याय आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर वाटते. चित्रफितींचा दर्जा इतका कमी ठेवला आहे, की गडद भागांत सावलीच्या जागी चौकोनी ठोकळे दिसतात. काळ्यातून करड्याकडे जाणारी छटा हाच जिथे अभ्यासाचा विषय आहे, तिथे ही उणीव चालण्यासारखी नाही. मी कळवल्यावर फिती बदलण्याचे आश्वासन मिळाले, पण अभ्यासक्रम संपेपर्यंत त्या बदललेल्या नव्हत्या.

तोवर हा अभ्यासक्रम घेणाऱ्यांनी न्वारच्या पाठातले चित्रपट चांगल्या प्रतीत वेगळे मिळवावेत, खोलीत अंधार करून मोठ्या पडद्यावर पाहावेत आणि मगच शिक्षकांचे विवेचन ऐकावे. मी उलट क्रमाने गेलो आणि ‘डबल इन्डेम्निटी’मधले ते तरंगणारे कण मला दुसऱ्या खेपेलाच दिसले.