विमान कंपनी बुडाली की ‘दूतावासातून बोलतोय’ असे फोन येऊ लागतात

विमान कंपनी अचानक बंद पडते तेव्हा तिचे फोन लागत नाहीत आणि काउंटरवर माणूस नसतो. ठग नेमकी हीच वेळ साधतात. वैतागलेला प्रवासी एक्सवर कंपनीला टॅग करून तक्रार लिहितो आणि सोबत तिकिटाचा फोटो टाकतो. थोड्याच वेळात दूतावासाचं बोधचिन्ह लावलेल्या खात्यावरून उत्तर येतं: ‘विशेष विमानात आपलं नाव घेतो, व्हॉट्सअ‍ॅप नंबर पाठवा.’ मग फोन येतो. समोरचा माणूस नाव, पीएनआर, तारीख सगळं बिनचूक सांगतो. ही माहिती आपल्याच फोटोतून गेलेली असते, पण त्या घालमेलीत ते सुचत नाही.

पुढची पायरी म्हणजे पासपोर्टच्या पानाचा फोटो आणि ‘जागा राखण्यासाठी, नंतर परत मिळणारी’ अनामत. पैसे भरताना अडलं की मदतीच्या नावाखाली स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला सांगतात. बँकेचा ओटीपी आला की तो पलीकडेही दिसतो.

खरी वकिलात अशी वागत नाही. ती अडकलेल्यांची नोंद घेते, घरच्यांशी संपर्क साधून देते, पासपोर्ट हरवला असेल तर तात्पुरता प्रवास दाखला देते. परतीचं तिकीट ती सहसा काढून देत नाही. अगदीच हात रिकामे असतील तर काही देश कर्ज देतात, पण ते लेखी करारावर. अमेरिकेची वकिलात वचनचिठ्ठीवर सही घेते आणि कर्ज फिटेपर्यंत पूर्ण मुदतीचा पासपोर्ट मिळत नाही. कार्डाचा नंबर किंवा ओटीपी वकिलात फोनवर मागत नाही.

23 सप्टेंबर 2019 रोजी थॉमस कुक ही ब्रिटिश सहल आणि विमान कंपनी बुडाली, तेव्हा तिचे सुमारे दीड लाख प्रवासी ब्रिटनबाहेर होते. सरकारने विमानं पाठवली, जागेचे पैसे घेतले नाहीत, आणि वेळापत्रक एका अधिकृत साइटवर लावलं. सरकारी विमान नेहमीच फुकट असतं असं नाही. पण शुल्क असलं तरी ते सरकारच्या साइटवर लिहिलेलं असतं, कोणाच्या खासगी खात्यात जमा होत नाही. म्हणून फोन आला की ठेवून द्या, आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवरचा नंबर स्वतः शोधा आणि तिथे फोन करा. सर्च इंजिनमध्ये सगळ्यात वर दिसणारा नंबर घेऊ नका, ती जाहिरात असू शकते.

‘व्हिसा वाढवून देणारं दूतावासाचं पत्र’ विकणारेही याच गर्दीत असतात. व्हिसाची मुदत फक्त ज्या देशात आपण आहोत तिथलं इमिग्रेशन खातं वाढवतं. कंपनी बंद पडल्याची बातमी आणि रद्द झालेलं तिकीट घेऊन मुदत संपण्याआधी तिथेच जावं लागतं.

पैसे गेलेच असतील तर फोनचं इंटरनेट तोडा, ते अ‍ॅप काढा आणि दुसऱ्या फोनवरून कार्ड बंद करा. बँकेकडे दोन वेगळ्या तक्रारी द्या: बुडालेल्या तिकिटासाठी ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून चार्जबॅक (कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागणं), आणि ठगाने काढलेल्या रकमेसाठी फसवणुकीची. दोन्ही एकाच अर्जात कोंबल्या की साधं तिकिटाचं प्रकरणही रखडतं. ओटीपी आपणच सांगितला असेल तर दुसरी तक्रार अवघड जाते, तरी ती द्याच. चार्जबॅकला मुदत असते, त्यामुळे घरी पोहोचेपर्यंत थांबू नका.

पासपोर्टचा फोटो गेला म्हणून घाबरून ‘पासपोर्ट हरवला’ अशी नोंद मात्र करू नका. तशी नोंद झाली की तो सहसा लगेच रद्द होतो आणि हातात असूनही त्यावर विमानात बसता येत नाही. प्रत ठगांकडे गेली आहे एवढंच वकिलातीला लेखी कळवा आणि पोच घ्या.