घुंगरांचा बॉल आणि आयशेड: गोलबॉलचं सामान वर्षभर वापरून लिहितेय

गोलबॉल म्हणजे आम्हा दृष्टिहीनांचा खेळ, घुंगरांचा बॉल जमिनीवरून समोरच्या गोलात मारायचा आणि समोरून आलेला आवाजावरून ओळखून, आडवं पडून अडवायचा. आमच्या टीमने गेल्या वर्षी इंटरनॅशनल स्पर्धेच्या नियमात बसणारा गोलबॉलचा बॉल घेतला आणि तेव्हापासून तीनचार जणांनी तरी विचारलं असेल की एवढा महाग कशाला, कुठल्याही बॉलमध्ये घुंगरं टाकली की झालं ना. नाही होत. का नाही होत ते जरा सविस्तर लिहिते, कारण आम्ही आधी नेमकं तेच करून बसलो होतो.

मी बी२ गटात मोडते, म्हणजे थोडंसं दिसणाऱ्यांच्या गटात, मला नळीतून बघावं तेवढं समोरचं दिसतं, कडेचं काही नाही. कोर्टवर त्या दिसण्याचा काडीचा उपयोग नाही, तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांवर काळी आयशेड असते, ज्याला थोडं दिसतं त्यालाही आणि ज्याला अजिबात दिसत नाही त्यालाही. मग हाताशी राहतात ते कान आणि जमिनीवरून फिरणारे तळहात. समोरून थ्रो आला की तो कुठून निघाला, सरळ येतोय का तिरका, टप्पे खातोय का घसरत येतोय, हे सगळं बॉलने स्वतः सांगायचं असतं. बॉल गप्प राहिला तर आपण तिथे नुसतेच आडवे पडलेलो असतो.

तर आमचा पहिला बॉल. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला, फोटोत छान निळा, खाली लिहिलेलं "गोलबॉलसाठी योग्य". हातात घेतला तेव्हाच हलका लागला पण आम्हाला तरी कुठे माहीत होतं, आम्ही खूश. घुंगरं आत दोनतीनच असावीत आणि तीही बारीक, बॉल हळू आला तर खुळखुळ ऐकू यायची, पण जोरात फेकला की सुरुवातीला एकदा वाजायचा आणि मग मध्येच आवाज बंद, नंतर थेट अंगावर. आमच्या सेंटरला, म्हणजे मधल्या जागी खेळणाऱ्या ताईंच्या हनुवटीवर एकदा असाच बसला, ओठ फुटला, आणि त्या उठून पहिलं काय म्हणाल्या तर "अगं मला आलाच नाही ऐकू, मी डावीकडेच होते." लागल्याचं त्यांना काही नव्हतं, ऐकू न आल्याचं वाईट वाटलेलं. आपलेच कान कमी पडतात असं आम्ही सगळ्याच दोनतीन महिने धरून चाललो होतो.

मग बाहेरच्या एका स्पर्धेत पहिल्यांदा खरा बॉल हातात आला, आणि तिथे उलटाच घोळ. बॉल मस्त वाजत होता, पण आमच्या अंगवळणी पडला होता तो फुसका आवाज, त्यामुळे दणकट आवाज आला की तो जवळ आल्यासारखा वाटायचा आणि आम्ही आधीच आडव्या, बॉल पोचेपर्यंत कुणीतरी पाय उचलायला लागलेली. पहिल्या हाफमध्येच किती गोल खाल्ले ते लिहीत नाही, पण मॅच पूर्ण वेळ चालली नाही, दहा गोलांचा फरक झाला की तिथेच संपवतात. परतीच्या प्रवासातच सरांनी ठरवलं की आता पैसे जमवायचे आणि स्पर्धेचाच बॉल घ्यायचा.

आता त्या बॉलबद्दल. आकार साधारण बास्केटबॉलचा पण वजन १.२५ किलो, म्हणजे बास्केटबॉलच्या जवळजवळ दुप्पट. जाड कडक रबर, वरती ८ भोकं, आत घुंगरं. भोकांतून आवाज बाहेर येतो, ती नसती तर एवढ्या जाड रबरातून काय ऐकू येणार. आणि भोकं आहेत म्हणजे हवा भरायचा प्रश्नच नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण नवीन आलेली मुलं हमखास पंपाचं तोंड शोधत बसतात. वजनामुळे पहिले पंधरा दिवस खांदा आणि मनगट बोलायला लागतं, तेव्हा आधी बसून नुसतं एकमेकींकडे सरकवत राहा, थ्रो नंतर.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. बॉल नुसता उचलला, या हातातून त्या हातात घेतला तरी वाजतो. गोलबॉलमधली एक खेळी असते, विंगवाल्या, म्हणजे कडेला खेळणाऱ्या मुलीने बॉल अडवला की तो पोटाशी घट्ट धरून आवाज न करता दुसऱ्या विंगला नेऊन द्यायचा आणि तिथून मारायचा, समोरच्यांना वाटतं डावीकडून येणार आणि येतो उजवीकडून. जुन्या बॉलवर हे कुणालाही जमायचं कारण तो मुळात फारसा वाजतच नव्हता. या बॉलवर शिकावं लागलं. दोन्ही तळवे, हनुवटी आणि पोट, चारही बाजूंनी दाबून धरायचा आणि पावलं घासत जायचं, तरी एखादं घुंगरू कुरकुर करतंच, आणि समोरच्या टीमला तेवढं पुरतं. शिवाय बॉल ताब्यात आला की १० सेकंदांत तो मधल्या रेषेपलीकडे गेला पाहिजे, नाहीतर पेनल्टी, आणि पेनल्टी म्हणजे ९ मीटर रुंद गोल एकटीने राखायचा. त्या १० सेकंदांत ही चोरटी चाल करायला बॉलची सवय हाताला रोजची लागते, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात बॉल बदलून हे होत नाही.

एक उणीव आहे, तीही सांगते. गिरकी घेऊन मारलेला जोरदार थ्रो, ज्यात बॉल एकसारखा गुळगुळीत फिरत येतो, त्यात घुंगरं आतल्या भिंतीला दाबून बसल्यासारखी होतात आणि आवाज बराच उतरतो. फुसक्या बॉलसारखा बंद होत नाही, पण उतरतो, आणि त्या वेळी रबर जमिनीवर घासल्याची सरसर जास्त ऐकावी लागते. दुसरं म्हणजे घामाने निसरडा होतो, नवा असताना तर फारच. शेजारी कोरडा टॉवेल ठेवाच. आणि खरबरीत सिमेंटवर अजिबात वापरू नका, आम्ही पहिला महिना वापरला तर एका बाजूची कातडी खरवडून निघाली आणि भोकांत बारीक कच अडकली, ती टूथपिकने काढत बसलो. लाकडी किंवा सिंथेटिक फ्लोअर नसेल तर निदान गुळगुळीत फरशी तरी बघा.

पॅरिस २०२४ ची पुरुषांची फायनल मी इअरफोन लावून ऐकली, जपान आणि युक्रेन. स्क्रीनवर बघत नव्हते, डोळे मिटून ऐकत होते. रेफरी "क्वाएट प्लीज" म्हणतो आणि एवढं मोठं भरलेलं सभागृह एकदम चिडीचूप होतं, मग "प्ले", आणि मग फक्त घुंगरं, अंग जमिनीवर पडल्याचा धप्प आवाज, परत घुंगरं. मॅच जादा वेळेत गेली, तिथे जो पहिला गोल मारेल तो जिंकणार, आणि जपानने ४-३ ने मारली. तेव्हा लक्षात आलं की रोज सराव करताना माझ्या कानावर पडतो तोच हा आवाज, मला कॉमेंटरीशिवाय कळत होतं की हा टप्प्याचा थ्रो आहे, हा घसरता आहे. जुन्या बॉलवर शिकत राहिले असते तर कळलं नसतं. तुर्कीच्या बायकांनी रिओ, टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ तीन सुवर्णपदकं घेतली आहेत, त्यांच्या मॅचेसही मी अशाच ऐकते, तुम्हीही ऐका, डोळस असाल तर निदान एक हाफ डोळे मिटून.

हा खेळ १९४६ मध्ये ऑस्ट्रियाचे हान्स लोरेन्झेन आणि जर्मनीचे सेप राइंडल यांनी युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी काढला. म्हणजे डोळसांच्या खेळात काहीतरी फेरफार करून आम्हाला दिलेला नाही, पहिल्या दिवसापासून आमचाच. १९७६ ला टोरंटोच्या पॅरालिम्पिकमध्ये पदकाचा खेळ झाला, बायकांसाठी मात्र १९८४ उजाडलं. मला हे फार जवळचं वाटतं, म्हणून सामानाच्या बाबतीत "यांना काय, चालतंय" असं कुणी म्हटलं की राग येतो.

आयशेडबद्दल थोडक्यात. स्कीइंगच्या गॉगलसारखी दिसते, काच पूर्ण काळी, आतून फोम. आम्ही घेतलेली उजेड अजिबात आत येऊ देत नाही, मी ट्यूबलाइटखाली आणि खिडकीसमोर उभी राहून तपासली, नाकाच्या बाजूलाही फट नाही. तरी मोठ्या स्पर्धांत आतून डोळ्यांवर चिकटपट्टीही लावतात, तेव्हा सरावातही कधीकधी लावून खेळा, घाम आला की पट्टीखाली जी खाज सुटते तिची सवय पाहिजे, कारण रेफरीला न विचारता आयशेडला हात लावला की सरळ पेनल्टी. आमच्या एका मुलीने नुसती सरळ करायला बोट लावलं आणि गोल खाल्ला, बिचारी रडली. पट्टा मात्र सहा महिन्यांत सैल पडला, आम्ही घरी शिवून आत घेतला. काच चांगली, पट्टा कच्चा, म्हणून पाचपैकी साडेतीन.

कोपर आणि गुडघ्याचे पॅड व्हॉलीबॉलचे चालतात. कमरेला मात्र पॅडवाली शॉर्ट घ्याच, दिवसभरात शंभरदा एकाच कुशीवर पडतो आपण. रेषांसाठी दोरी अंथरून वर टेप मारायची, हाताला आणि पायाला उंचवटा लागला पाहिजे. दोरी फार जाड घेतली तर बॉल तिच्यावरून उडतो, बारीक घेतली तर घामेजल्या बोटांना लागत नाही, आम्ही दोनदा उखडून परत मारली.

बॉलला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या गिरकीच्या आवाजासाठी कापला. मागवताना विक्रेत्याला फोटो मागू नका, व्हिडिओ मागा, आणि त्यात बॉल जोरात घरंगळत येताना शेवटपर्यंत वाजतो का ते ऐका. वजन काट्यावर ठेवून दाखवायला सांगा. आणि जुना बॉल टाकून देऊ नका म्हणतात तसं आम्हीही ठेवला होता, पण परवा ताईंनी तो नव्या मुलांच्या हातातून काढून घेतला आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला.