बडोद्यातल्या मुलाखतींचा डेटा: ड्राइव्ह, झेनोडो की डेटाव्हर्स?

समजा, तुम्ही महाराजा सयाजीराव विद्यापीठात बडोद्याच्या मराठीवर पीएचडी करताय. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या घरांमधली रेकॉर्डिंग्ज, त्यांची लेखी प्रत आणि बोलणाऱ्यांच्या माहितीचा एक्सेल तक्ता एवढा ऐवज जमलाय. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जाईल. डेटा कुठे ठेवायचा?

काम चालू असताना गुगल ड्राइव्ह सोयीचाच आहे. १५ जीबी फुकट, गाइडना लिंक पाठवली की झालं. कायमचं ठिकाण म्हणून मात्र मी तो सुचवणार नाही. वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलं नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं, आणि विद्यापीठाचं खातं बंद झालं तर त्यातल्या फायलीही जातात.

म्हणजे खरी निवड झेनोडो आणि हार्वर्ड डेटाव्हर्स या संशोधनाचा डेटा जपणाऱ्या दोन ऑनलाइन भांडारांमध्ये. दोन्ही फुकट, दोन्हीकडे डीओआय (न बदलणारा ओळख क्रमांक) मिळतो, त्यामुळे तुमच्या डेटाचा संदर्भ लेखासारखा देता येतो.

झेनोडो २०१३ पासून सर्न ही युरोपातली भौतिकशास्त्र संशोधन संस्था चालवते. एका नोंदीत ५० जीबी मावतात, म्हणून लांबलचक ऑडिओला बरं. चुका दुरुस्त करून नवी आवृत्ती टाकली की तिला वेगळा डीओआय मिळतो आणि सगळ्या आवृत्त्यांचा एक सामाईक डीओआयही असतो. फायली बंद ठेवून फक्त त्यांच्याबद्दलची माहिती दाखवण्याची सोय आहे.

डेटाव्हर्सवर एक फाइल २.५ जीबीपर्यंतच चालते. पण तक्ता चढवला की ते रकाने ओळखतं आणि मूळ फाइलसोबत साध्या मजकुरातली प्रतही ठेवतं, म्हणजे पुढे एक्सेल नसलं तरी अडत नाही. तक्ता हाच तुमच्या कामाचा गाभा असेल तर मी डेटाव्हर्सच घेईन. आवाज गाभा असेल तर झेनोडो.

जागा कुठलीही निवडा, तक्त्यासोबत रकान्यांची वही, म्हणजे कुठल्या रकान्यात काय आणि कुठल्या आकड्याचा अर्थ काय याची यादी, हवीच. वयाच्या रकान्यात ९९ म्हणजे ‘उत्तर दिलं नाही’ हे तुम्हालाच ठाऊक असेल, तर पुढचा माणूस त्याची सरासरी काढेल आणि बडोद्यातली मराठी माणसं एकदम म्हातारी होतील. लेखी प्रत जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, आणा. नाहीतर तो फॉन्ट नसलेल्याला नुसती निरर्थक अक्षरं दिसतील. तक्त्याची सीएसव्ही (साध्या मजकुरातली) फाइल करताना यूटीएफ-८ हा युनिकोडचा पर्याय निवडा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती माणसांची. बडोद्यातला मराठी समाज एकमेकांना ओळखून आहे. नाव काढलं, पण वाडा, आजोबांची संस्थानातली नोकरी आणि मुलांची संख्या तशीच ठेवली, तर शेजारी लगेच ओळखतील. असे तपशील ढोबळ करा: वाड्याऐवजी भाग, वयाऐवजी दशक. आवाज मात्र असा ढोबळ करता येत नाही. म्हणून रेकॉर्डिंग बंद ठेवा, आणि ते कुणाला ऐकू द्यायचं हे बोलणाऱ्याला विचारूनच ठरवा.

ही विचारणा संमतिपत्रातच हवी: लेखी प्रत उघडी ठेवायची का, आवाज ठेवायचा का, दुसऱ्या संशोधकाला वापरू द्यायचा का. तिन्हींना वेगवेगळ्या सह्या घ्या. काही आजी लेखी प्रतीला हो म्हणतील, आवाजाला नाही.