रोझबे की ग्रेट विलोहर्ब? ओळख पानापासून

ब्रिटनमध्ये जुलैत माणसाच्या उंचीची, गुलाबी-जांभळ्या फुलांची ही दोन झाडं दिसतात: रोझबे विलोहर्ब आणि ग्रेट विलोहर्ब. एकाच कुळातली, त्यामुळे रंगावरून ओळखायला गेलं की हमखास गल्लत होते. या दोन्ही जाती काश्मीरमध्येही आहेत.

फुलं नसली तरी चालेल, पान उलटं करून पाहा. रोझबेच्या (कॅमेनेरियन अँगुस्टिफोलियम) अरुंद पानात बाजूच्या शिरा कडेपर्यंत जातच नाहीत. अलीकडेच वळून एकमेकींना जोडल्या जातात. आमच्या मते याहून भरवशाची खूण नाही. पानं खोडावर एकाआड एक, जवळजवळ गुळगुळीत. ग्रेटची (एपिलोबियम हिर्सुटम) पानं नि खोड मऊ लवेनं भरलेली, पानं समोरासमोर. मात्र शेंड्याकडची एकाआड एकही असतात, म्हणून खोडाचा खालचा भाग तपासा.

फुलात पाकळ्या चार, पुंकेसर (परागकण देणारे तंतू) आठ, दोन्हीकडे सारखेच. ग्रेटच्या पाकळीला टोकाशी खाच असते, मधोमध पांढरट चार फाट्यांची कुक्षी (परागकण झेलणारं टोक). रोझबेचं फूल किंचित असमान. त्याचे पुंकेसर आधी पिकतात, तोवर कुक्षिवृंत (कुक्षीचा दांडा) खाली वाकलेला असतो. नंतर तो वर उचलला जाऊन कुक्षी उघडते. स्वपरागण टाळायची ही सुरेख सोय.

रोझबे जळालेल्या, उकरलेल्या मोकळ्या जमिनीवर येते. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या बॉम्ब पडलेल्या जागांवर ती माजली होती. ग्रेटला ओल लागते: ओढाकाठ, चर, दलदल.

काढताना दोन्ही त्रास देतात. जमिनीत राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटवा येतो, म्हणून बोंडं तडकून केसाळ बिया उडण्याआधीच मुळासकट खणा.