फ्रीशिप : नौकेचा पहिला आराखडा फुकटात, वजनाची शीट मात्र तुमची तुम्ही सांभाळा

रत्नागिरी ते देवगड पट्ट्यात फायबरच्या मासेमारी नौका बांधणारे भरपूर आहेत, आणि डिझाइन कुठून आणलं असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, जुन्या साच्यावरून. दोन फूट लांबी वाढवली, रुंदी जरा ओढली, झालं काम. पण आता मालकांना इंजिन मोठं हवं, बर्फाचा खण मोठा हवा, वर केबिनही उंच हवी, मग नुसता साचा ओढून भागत नाही. मी अशाच लहान यार्डांची ड्रॉइंग करतो, त्यामुळे नौकेचा आकार संगणकावर काढायच्या फ्रीशिप या सॉफ्टवेअरचा हा रिव्ह्यू त्याच नजरेने वाचा, मोठ्या शिपयार्डवाल्यांनी नाक मुरडलं तरी चालेल.

फ्रीशिप जुनं आहे, विंडोजवर चालतं, जीपीएल या खुल्या लायसन्सचं म्हणजे खरोखर फुकट. पुढे त्याचंच डेल्फ्टशिप झालं, त्याचीही एक फुकट आवृत्ती मिळते आणि एक विकतची. साध्या लॅपटॉपवर पळतं, आणि पावसाळ्यात लाईट गेली की बॅटरीवर काम रेटावं लागतं तेव्हा हे हलकेपण फार कामाचं. तसंही आमचं बरंचसं डिझाइन १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळातच होतं, नौका वर ओढलेल्या असतात आणि मालक निवांत भेटतात.

हल म्हणजे नौकेचं बाहेरचं अंग, ते काढायची पद्धत मला जाम आवडली. राइनोसारख्या नर्ब्जवाल्या (गणिती वक्रांच्या तुकड्यांनी पृष्ठभाग बनवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये नाळेजवळ, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाशी, दोन तुकडे जोडताना जी डोकेफोड होते ती इथे नाही, कारण सबडिव्हिजन सरफेस आहे, म्हणजे एका जाळीवरून बनणारा सलग पृष्ठभाग, जाळीचे बिंदू ओढायचे की अख्खा पृष्ठभाग मागोमाग येतो. चाइन, म्हणजे तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथला धारदार कोपरा, हवी तिथे कडेला क्रीज (घडी) द्यायची, बस. हल कुठे उघडा राहिला तर लीक पॉइंट, म्हणजे पाणी शिरेल अशी जागा, दाखवतं. स्टीलची नौका असेल तर प्लेट उलगडून सपाट करूनही देतं.

आता खरा मुद्दा. हलचा आकार दोन दिवसांत होतो हो, पण त्यानंतरचे आकडे कुठे ठेवायचे? फ्रीशिप हायड्रोस्टॅटिक्स (नौका किती बुडते, किती वजन पेलते ते आकडे) देतं आणि क्रॉस कर्व्हज म्हणजे केएनचे आकडेही देतं (केएन म्हणजे नौका कलल्यावर तळापासून पाण्याच्या उचलीच्या रेषेपर्यंतचं आडवं अंतर), पण टाक्या आणि लोडिंग कंडिशन (कुठल्या वेळी काय किती भरलेलं) नाहीत, त्यासाठी डेल्फ्टशिपची विकतची आवृत्ती लागते. मग मी केएन स्प्रेडशीटमध्ये आणतो आणि जीझेड, म्हणजे कललेल्या नौकेला परत सरळ करणारी भुजा, तिथेच काढतो, केएन वजा केजी गुणिले कलण्याच्या कोनाची साइन, एका ओळीचा फॉर्म्युला. यात केएन सॉफ्टवेअरचा आणि केजी, म्हणजे तळापासून गुरुत्वमध्याची उंची, तुमच्या वजनाच्या यादीतला, आणि सगळी गोची त्या यादीत. केजी १० सेंटिमीटरने वर गेला की ३० अंशाला जीझेड ५ सेंटिमीटरने खाली येतो. आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००८ च्या स्टॅबिलिटी कोडमध्ये (नौका न उलटण्याचे नियम) ३० अंश किंवा त्यापुढे जीझेड किमान ०.२० मीटर मागतात, म्हणजे केबिनच्या छतावर मालकाने हौसेने चढवलेल्या सामानाने केजी तेवढा वर गेला तर त्या किमान आकड्याच्या पाव भागाइतकं गेलं समजा. (कोड २४ मीटर आणि त्यापुढच्या जहाजांसाठी आहे, आपल्या बऱ्याच नौका त्याहून लहान, पण मापाला दुसरं काय धरणार.)

मासेमारी नौकेला त्यात एका डेकवाल्यांसाठी जीएम (सरळ उभ्या नौकेच्या स्थैर्याचं माप) किमान ०.३५ मीटर, आणि कंडिशनही बघा, निघताना पूर्ण डिझेल-बर्फ, मासळीच्या जागेवरून पूर्ण मासळी घेऊन परत निघताना, बंदरात पूर्ण मासळी आणि १० टक्के डिझेल-पाणी, शिवाय २० टक्के मासळीवर परत आल्यावर. डेकवरच्या ओल्या जाळ्याचं वजनही धरायचं. हे सगळं शीटच्या वेगवेगळ्या टॅबमध्ये, पण मूळ वजनाची यादी एकच आणि बाकी टॅब तिच्याकडूनच आकडे ओढतात, कुठेही हाताने टायपायचं नाही. आणि मॉडेलमध्ये मोजायचं शून्य जिथे आहे तिथूनच शीटमधली मापं घ्या. यार्डात कोणी नाळेपासून मोजतो, कोणी मागून, आणि यादीत दोन्ही मिसळली की एलसीजी, म्हणजे गुरुत्वमध्याची लांबीतली जागा, हास्यास्पद येतो.

रेझिस्टन्सचं, म्हणजे पाण्याचा विरोध काढायचं, मात्र विसरा. आत त्यासाठी डेल्फ्ट सिरीज ही पद्धत आहे ती शिडाच्या यॉटच्या टँक टेस्टवरची (हौदात ओढलेल्या मॉडेलच्या चाचण्या), आणि केपर ही दुसरी आहे ती कयाकसाठी. ट्रॉलरचं इंजिन ह्यावर निवडलंत तर मालक तुम्हालाच खाडीत ढकलेल. १४ मीटर वॉटरलाइनची नौका ९ नॉटला नेली की फ्राउड नंबर (लांबीच्या मानाने वेगाचं माप) ०.३९ च्या आसपास जातो, तिथे लाटेचा विरोध झपाट्याने वाढतो, हॉर्सपॉवर ओतून वेग फारसा वाढत नाही, डिझेल मात्र वाढतं. हे मालकाला दाखवायला वेगळी शीट करावी लागली.

एक्सपोर्टला डीएक्सएफ, आयजीईएस (दुसऱ्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या फाइली), ऑफसेट (हलच्या मापांचं टेबल) सगळं आहे. मी थ्रीडी चित्र व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर मिस्त्री म्हणाले, "माका आकडे दी, चित्रां नको." त्यांना ऑफसेटचं टेबल मिलिमीटरमध्ये छापून दिलं की ते फ्रेम काढतात. टेबलावर फाइलची आवृत्ती आणि तारीख छापाच, नाहीतर जुन्याच कागदावरून प्लग, म्हणजे साचा ज्याच्यावरून काढतात तो नमुना, उभा राहतो.

२० मीटरच्या आतल्या नौकेच्या पहिल्या आराखड्याला पाचपैकी चार. डॅमेज स्टॅबिलिटी (भोक पडून पाणी शिरल्यावरचं स्थैर्य) किंवा सर्वेची कागदपत्रं हवी असतील तर हे घेऊ नका, मॅक्ससर्फ किंवा नापा ही मोठी सॉफ्टवेअर येणारा माणूस गाठा आणि त्याला तुमची आयजीईएस फाइल द्या, हलवर परत पैसे घालवू नका.